सेल्फ करकरतो तेव्हा

चावी फिरवली आणि इंजिन चालू होण्याऐवजी बॉनेटखालून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, तर पहिली गोष्ट करायची ती म्हणजे चावी सोडून देणं. बहुतेक लोक याच्या नेमकं उलट करतात. एकदा करकरलं, पुन्हा मारून पाहू, तिसऱ्यांदा लागलीच गाडी, म्हणजे काही फार बिघडलेलं नाही, असं म्हणून महिने काढतात. त्या प्रत्येक करकरीत दोन दातेरी चाकांचे दाते झिजत असतात. त्यातलं लहान चाक स्वस्त आहे आणि हाताला लागेल अशा जागी आहे. मोठं चाक इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये दडलेलं आहे, आणि ते बदलायचं म्हणजे अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. दुरुस्ती लहान राहणार की मोठी होणार, हे पहिल्या करकरीनंतर तुम्ही किती लवकर लक्ष घालता त्यावर ठरतं.

इंजिन चालू करणाऱ्या स्टार्टरला आपल्याकडे सगळेच 'सेल्फ' म्हणतात. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगने केलेला विजेचा स्टार्टर बसवला गेला. त्याआधी इंजिन हँडल मारून चालू करावं लागे, आणि ते उलटं फिरलं तर हँडल मारणाऱ्याचं मनगट मोडे. अँबेसिडरसोबत हँडल मिळायचं, ते अनेक घरांतल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. सेल्फ दगा देईल ही शक्यता तेव्हा गाडी बनवणाऱ्यांनीही धरलेली होती. आजच्या गाडीत हँडलची सोय नाही, म्हणून सेल्फ समजून घेणं जास्त गरजेचं झालं आहे.

आत काय घडतं ते आधी पाहू. सेल्फ म्हणजे बॅटरीच्या १२ व्होल्टवर चालणारी, आकाराने लहान पण जबर जोर असलेली मोटर. तिच्या टोकाला साधारण आठ ते बारा दात्यांचं पिनियन असतं. इंजिनाच्या फ्लायव्हीलवर शंभराच्या वर दाते असलेली पोलादी रिंग बसवलेली असते. पिनियन दहा-पंधरा वेळा फिरलं की फ्लायव्हील एकदा फिरतं. या गुणोत्तरामुळेच एवढीशी मोटर जड इंजिन मिनिटाला दोनशेच्या आसपास फेरे फिरवू शकते, आणि तेवढ्यात इंजिन पकडतं.

एरवी पिनियन रिंगपासून दूर उभं असतं. चावी फिरवली की सेल्फच्या पाठीवर बसलेल्या सोलेनॉइडमध्ये वीज जाते. सोलेनॉइड आतला लोखंडी दांडा ओढून घेतो, दांड्याला जोडलेला काटा पिनियनला पुढे ढकलतो आणि पिनियन रिंगच्या दात्यांत शिरतं. दांडा शेवटपर्यंत गेला की त्याच्या मागच्या टोकाने तांब्याचे दोन जाड संपर्क जुळतात, आणि मग बॅटरीची पूर्ण वीज मोटरमध्ये शिरते. लहान पेट्रोल गाडीत हा प्रवाह शंभर ते दोनशे अँपिअर असतो, डिझेलमध्ये त्याहून जास्त. आधी दाते गुंतायचे, मग जोर लागायचा, असा हा क्रम आहे. दात्यावर दाता आलाच तर पिनियनमागची स्प्रिंग दबते, मोटर किंचित फिरते आणि पिनियन पुढच्या फटीत सरकतं. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत होतं, म्हणून आपल्याला फक्त एक हलकी 'टक्' ऐकू येते.

करकर होते ती हा क्रम बिघडल्यावर. पिनियन पुरतं आत शिरायच्या आधीच मोटरने वेग घेतला, किंवा शिरल्यावर ते जागेवर टिकलं नाही, किंवा इंजिन लागल्यावरही मागे आलं नाही, की दाते दात्यांवर घासतात. या तीन शक्यता लक्षात ठेवल्या की पुढचा तपास बराच सोपा जातो.

पिनियनच्या मागे आणखी एक भाग असतो, तो एकाच दिशेने जोर देतो. सायकल उतारावर असताना पायडल थांबवली तरी मागचं चाक फिरत राहतं, ते जसं फ्रीव्हीलमुळे, तसंच इथे. मोटरने इंजिन फिरवावं, पण इंजिनाने मोटरला फिरवू नये, एवढंच त्याचं काम. गॅरेजमध्ये पिनियनसकट या अख्ख्या जोडणीला 'बेंडिक्स' म्हणतात. सुट्या भागांच्या दुकानात याच नावाने मागा.

तपासाची सुरुवात हत्यारांनी नाही, कानांनी करावी. शक्य असेल तर दुसऱ्या कुणाला तरी चावी फिरवायला सांगा आणि तुम्ही बॉनेट उघडून बाजूला उभे राहा. गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला हवा. ओढणी, लांब बाही, मोकळे केस पंख्याच्या आणि बेल्टच्या जवळही जाता कामा नयेत. आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा येतो हे जास्त सांगून जातं.

'टक-टक-टक' असा भराभर आवाज येत असेल तर दात्यांचा संशय बाजूला ठेवा आणि बॅटरीकडे वळा. बॅटरी अशक्त असली की सोलेनॉइड दांडा ओढतो, मोटरने वीज खेचताच व्होल्टेज कोसळतं, दांडा सुटतो, व्होल्टेज वर येतं, दांडा पुन्हा ओढला जातो. पिनियन रिंगवर असं आपटत राहिलं की ऐकणाऱ्याला दाते गेल्यासारखं वाटतं, आणि चांगला सेल्फ उगाच बदलला जातो. म्हणून मल्टिमीटर घ्या. गाडी काही तास उभी राहिल्यावर भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामीच समजा. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी चार्ज करून पुन्हा पाहा.

बॅटरी ठीक असूनही सेल्फ रडत असेल तर तारांचा नंबर. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी साय गरम पाण्याने धुऊन, ब्रशने घासून काढा. इंजिनाला बॉडीशी जोडणारी अर्थची पट्टी फार जण विसरतात. ती गंजलेली किंवा सैल असेल तर दोनशे अँपिअर जायचे कुठून? मीटरची एक पिन बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरी सेल्फच्या जाड तारेच्या बोल्टवर ठेवून सेल्फ मारायला सांगा; अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर वीज वाटेतच अडते आहे. तशीच चाचणी बॅटरीचं ऋण टोक आणि सेल्फची बॉडी यांच्यात घ्यावी. तिथे पाव व्होल्टच्या वर आकडा चांगला नाही.

मोटर मोकळी गरगरते, पण इंजिन हलत नाही आणि घासल्याचा आवाजही नाही, असं असेल तर बहुधा बेंडिक्स आतून घसरतं आहे. पिनियन दात्यांत गेलेलं असतं, पण मोटरचा जोर त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. बेंडिक्स बदललं की हे मिटतं.

सगळ्यात गंभीर आवाज तो, जो इंजिन लागल्यावर आणि चावी सोडल्यावरही चालू राहतो. पिनियन मागे आलेलं नाही, असा त्याचा अर्थ. दांड्यावर गंज किंवा घट्ट झालेली घाण असते, किंवा परतीची स्प्रिंग मेलेली असते, किंवा चावीचा स्विच आपोआप मागे येत नाही. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर गेलं आणि गुणोत्तर बारास एक असलं, तर पिनियन ३६,००० फेऱ्यांवर जातं. बेंडिक्स चांगलं असेल तोवर मोटर वाचते. ते अडकलेलं असेल तर मोटरच्या फिरत्या भागाच्या, म्हणजे आर्मेचरच्या, तारा त्या वेगात बाहेर फेकल्या जातात. म्हणून असा आवाज आला की ताबडतोब इंजिन बंद करा. चावी काढूनही सेल्फ फिरतच राहिला, तर सोलेनॉइडचे संपर्क एकमेकांना चिकटले आहेत. अशा वेळी बॅटरीची ऋण तार काढणं एवढाच उपाय उरतो, आणि त्यासाठी लागणारा पाना गाडीत नेहमी असावा.

आता खरी करकर. चावी फिरवल्याक्षणी येणारी. ती दर वेळी येते की कधीतरी, हे आठवडाभर नोंदवा. दर वेळी सारखीच येत असेल तर दोष सेल्फमध्ये किंवा त्याच्या बसवणीत आहे. चार वेळा गाडी गुपचूप लागते आणि पाचव्या वेळी करकरते, असं असेल तर संशय रिंगवर घ्या.

यामागचं कारण मला फार सुंदर वाटतं. इंजिन बंद केलं की ते वाटेल तिथे थांबत नाही. एखाद्या सिलिंडरमधली हवा दाबली जाऊ लागली की फ्लायव्हीलचा उरलेला जोर संपतो आणि इंजिन तिथेच अडतं. चार सिलिंडरच्या इंजिनात फ्लायव्हीलवर अशा दोन जागा येतात, समोरासमोर. तीन सिलिंडरच्या इंजिनात तीन जागा, एकमेकींपासून १२० अंशांवर. आपल्या रस्त्यांवरच्या बऱ्याच लहान गाड्या या जातीच्या. म्हणजे पिनियन आयुष्यभर रिंगच्या त्याच दोन किंवा तीन जागी शिरत असतं, आणि झीजही तिथेच साठते. बाकीची रिंग नव्यासारखी असते. एखाद्या वेळी इंजिन थोडं पुढेमागे थांबलं की सेल्फ चांगल्या दात्यांवर बसतो आणि आवाज येत नाही.

यावरून घरच्या घरी करता येईल अशी एक चाचणी मिळते. गाडी सपाट जागेवर आहे, चावी काढलेली आहे, हँडब्रेक सोडलेला आहे, पुढेमागे कुणी उभं नाही, याची खात्री करा. गाडी करकरली की चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये टाकून हातभर पुढे ढकला. चाकांनी इंजिन थोडं फिरवलं जातं. मग हँडब्रेक ओढून न्यूट्रलमध्ये आणा आणि सेल्फ मारा. करकर गायब झाली तर रिंगवरचा संशय बराच पक्का झाला. ऑटोमॅटिक गाडीत ढकलून इंजिन फिरत नाही. तिथे क्रँक पुलीच्या बोल्टवर सॉकेट लावून, इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने हाताने फिरवावं लागतं.

आता सेल्फ हातात घेऊ. बहुतेक पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत तो इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर असतो. काही गाड्यांत एअर फिल्टरचा डबा काढला की वरूनच दिसतो, काहींत खालून जावं लागतं. खालून जायचं असेल तर गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कधीही खाली शिरू नका. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नाही. पक्के स्टँड लावा, चाकांमागे ठोकळे द्या, गाडी हलवून पाहा आणि मगच आत जा. इंजिन गार होऊ द्या, सायलेन्सरचा पाइप बहुधा शेजारूनच गेलेला असतो. बॅटरीची ऋण तार आधी काढा आणि बाजूला बांधून ठेवा. सेल्फला येणारी जाड तार थेट बॅटरीतून येते आणि चावी बंद असली तरी जिवंत असते. तिच्यावर टेकलेला पाना बॉडीला लागला तर ठिणग्या उडून पाना लाल होतो. हातातली अंगठी आणि कडं काढून ठेवा.

सेल्फ सोडवायच्या आधी तो हाताने हलवून पाहा आणि त्याचे दोन-तीन बोल्ट पान्याने जोखा. बोल्ट सैल असणं हे करकरीचं सगळ्यात स्वस्त कारण आहे. मोटर जोर लावते तेव्हा सैल सेल्फ रिंगपासून दूर रेटला जातो आणि दाते टोकांवरच घासतात. बोल्ट आवळताना मात्र ताकद दाखवू नका. गिअरबॉक्सचं कवच अॅल्युमिनिअमचं असतं, त्यातले आटे एकदा गेले की दुखणं वाढतं. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या जोराने टॉर्क पाना लावला तर उत्तम.

बोल्ट घट्टच असतील तर तारांचा फोटो काढून घ्या आणि सेल्फ उतरवा. तो तीन-चार किलोंचा असतो. शेवटचा बोल्ट काढताना खालून हात द्या, तारेवर लोंबकळू देऊ नका.

बाहेर काढलेल्या सेल्फचं पिनियन आधी पाहा. चांगल्या पिनियनच्या दात्यांच्या पुढच्या कडा मुद्दामच थोड्या तासलेल्या असतात, म्हणजे शिरायला सोपं जातं. तेवढं पाहून घाबरू नये. दाते टोकाशी चेपलेले, गोल झालेले किंवा तुटलेले असतील तर निकाल लागला. मग पिनियन बोटांनी फिरवा. एका दिशेने ते सहज फिरलं पाहिजे, दुसऱ्या दिशेने मोटरला अडलं पाहिजे. दोन्हीकडे मोकळं किंवा दोन्हीकडे जाम असेल तर बेंडिक्स संपलं. त्यानंतर पिनियन ज्या दांड्यावर बसतं तो वर-खाली हलवा. जाणवण्याइतकी ढिलाई असेल तर पुढची बुश झिजलेली आहे. दांडा तिरका होतो, म्हणून नवं पिनियन टाकलं तरी दाते पुन्हा खाल्ले जातील, बुशसुद्धा बदला.

आणि आता ती गोष्ट, जी पुष्कळदा राहूनच जाते. सेल्फ निघाला की त्याच्या भोकातून टॉर्चच्या प्रकाशात रिंग दिसते. एका दात्यावर खडूने खूण करा, इंजिन हाताने हळूहळू फिरवत जा आणि खूण परत येईपर्यंत एकेक दाता पाहा. या कामाला थोडा वेळ लागतो, तो द्यावा. पिनियन ज्या बाजूने शिरतं तिथल्या कडांवर थोडी झीज असणारच. पण दोन किंवा तीन ठिकाणी दाते अर्ध्यापर्यंत खाल्लेले, सुईसारखे टोकदार किंवा मुळापासून गायब दिसले, तर नुसता सेल्फ बदलून काहीही साधणार नाही. त्या फाटक्या दात्यांवर नवं पिनियन थोड्याच दिवसांत जुन्यासारखं होईल.

रिंग ठीक असेल तर सेल्फ बाकावर तपासता येतो. तो वाइसमध्ये घट्ट आवळा. हातात किंवा पायाखाली धरू नका, वीज लागताच तो उसळी घेतो. जंपर केबलने बॅटरीचं ऋण टोक सेल्फच्या बॉडीला, धन टोक जाड बोल्टला जोडा, आणि धन बाजूचीच एक बारीक तार सोलेनॉइडच्या लहान टर्मिनलला दोन-तीन सेकंद टेकवा. पिनियन एका झटक्यात पूर्ण बाहेर यायला हवं आणि तार काढताच परत जायला हवं. ते रेंगाळत बाहेर आलं तर सोलेनॉइड थकलेला आहे किंवा दांडा घाणीने भरलेला आहे.

घाण असेल तर दुरुस्ती फुकटात होते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर हे हमखास पाहायला मिळतं. सेल्फ खालच्या अंगाला असतो, साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की दांड्यावर गंज धरतो, आणि त्यात क्लचची धूळ व गळणारं तेल मिसळून काळा लेप तयार होतो. कोरड्या ब्रशने आणि कापडाने तो काढा, पिनियनच्या दांड्याच्या खाचांना ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. बेंडिक्स मात्र पेट्रोलमध्ये किंवा रॉकेलमध्ये बुडवून धुवू नका. त्याच्या आत कारखान्यातच भरलेलं ग्रीस असतं, ते धुऊन गेलं की तो भाग लवकर मरतो.

नवं बेंडिक्स आणताना जुनं सोबत न्या. दात्यांची संख्या, पिनियनची जाडी, लांबी आणि फिरण्याची दिशा, चारही जुळली पाहिजेत. एका दात्याचा फरकसुद्धा चालत नाही. जुन्या सेल्फवर नवा रंग मारून विकलेला माल बाजारात असतो. त्याचंही पिनियन असंच शेजारी धरून पाहावं.

अडलेल्या सेल्फवर टॉमीने, म्हणजे लोखंडी कांबीने, ठोकायची आपल्याकडे जुनी रीत आहे. जुन्या मोटरींत तारांचे पोल असत, तिथे ठोकल्याने अडकलेला कार्बन ब्रश सुटायचा आणि गाडी लागायची. आजच्या बऱ्याच सेल्फमध्ये कायमचुंबक असतात, ते ठिसूळ असतात. ठोकलं की त्यांना तडा जातो, तुकडे आर्मेचरमध्ये अडकतात आणि दुरुस्त होण्यासारखा सेल्फ भंगारात जातो. कुणी ठोकायला निघालं तर हात धरा.

रिंग खराब निघाली तर घरचं काम इथे थांबतं. गिअरबॉक्स उतरवून फ्लायव्हील बाहेर काढावं लागतं. रिंग सुमारे २०० अंश सेल्सिअसला तापवून फ्लायव्हीलवर चढवलेली असते आणि गार होताना आवळून बसते. अनुभवी कारागीर हीच रिंग तापवून काढतो आणि चार सिलिंडरच्या गाडीत पाव फेरा फिरवून पुन्हा बसवतो, म्हणजे झिजलेल्या जागी चांगले दाते येतात. दाते नुसते झिजले असतील तर हा उपाय चांगला; तुटले असतील तर रिंग नवीच हवी. गिअरबॉक्स उतरलेला असताना क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग पाहून घ्या, कारण त्याची मजुरी पुन्हा द्यायची तुमची इच्छा नसणार.

तोवर गाडी गॅरेजपर्यंत न्यायची असेल तर मॅन्युअल गाडी धक्का मारून चालू करता येते. त्यात सेल्फ मध्ये येतच नाही, म्हणून रिंगला इजा होत नाही. पण काही कंपन्या आपल्या पुस्तिकेत याला मनाई करतात, ते आधी वाचा. ऑटोमॅटिक गाडी मात्र टो करूनच न्यावी.

आणि गॅरेजमध्ये कुणी 'सेल्फ गेलाय, नवा टाकू' म्हणालं, तर एवढंच सांगा: नवा बसवण्याआधी माझ्यासमोर रिंग एक पूर्ण फेरा फिरवून दाखवा.